हातांची बोबडी

यादी दोन पानांची होती. वार, वेळ, पत्ता,
कोपऱ्यात बारीक खुणा:
व्हीलचेअर येते, फक्त बायकांसाठी, सिगारेट बाहेर,
फ्रेंचमध्ये, दर दुसऱ्या गुरुवारी युक्रेनियनमध्ये.
कानाची खूण कुठेच नव्हती.
विनिपेगमधले बहिरे पीत नाहीत
असं धरून चालले असावेत.

सोमवारी सेलकर्क अव्हेन्यूच्या चर्चचं तळघर.
बाहेर उणे एकोणतीस, बस उशिरा.
गोल मांडलेल्या खुर्च्या, वीस तोंडं.
ओठ वाचायला गेलो तर एकाला मिशा,
एकीच्या तोंडासमोर कप,
आणि ज्याचं सगळ्यात जास्त दुखत होतं
तो जमिनीकडे बघून बोलला.
सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा.
तोवर त्यांचे डोळे भरून आले होते
आणि माझं हसू तोंडावर तसंच उभं,
लग्न उरकल्यावर न काढलेल्या मांडवासारखं.

बुधवारी दुभाषी मिळाली.
दारातून आली ती लेस्या, माझ्या बायकोची मावसबहीण.
शहरात आम्ही मोजके, दुभाषे त्याहून मोजके.
मी नियमानं बांधलेली आहे, ती हातांनी म्हणाली.
ठाऊक होतं मला.
पण मी बोलणार आणि तिनं 'मी' म्हणायचं, तिच्या आवाजात:
मी लेकीचा गल्ला फोडला, मी ते पैसे प्यायलो.
माझ्या लेकीला बाप्तिस्म्याच्या दिवशी
याच हातांनी तिनं टोपडं बांधलं होतं.
मी म्हटलं, यंदा बर्फ फार पडलाय.
लेस्यानं ते इमानेइतबारे वीस जणांना सांगितलं.

ऐकू येणाऱ्यांना एक गोष्ट समजावून सांगता येत नाही.
दारूनं तुमची जीभ जड होते.
माझे हात जड व्हायचे.
पाच वर्षं रोज सकाळी माझ्या बोटांची बोबडी वळायची,
'पाणी' म्हणायला उचललेला हात
अर्ध्या वाटेत भरकटायचा.
लेक माझी दोन्ही मनगटं धरून ठेवायची,
थरथर थांबेपर्यंत,
मग सोडून म्हणायची: आता सांग.

शनिवारी नदीपलीकडे, सेंट बोनिफेसमध्ये,
कर्लिंग क्लबचा वरचा मजला.
सात माणसं, कॉफी अगदीच वाईट.
खाली बर्फावर दगडाला दगड भिडला
की ते माझ्या तळव्यांना कळायचं.
एका म्हातारीनं खुर्ची ओढून माझ्यासमोर मांडली. थोर्डिस.
गिमलीच्या मासळी कारखान्यात, पन्नास वर्षांपूर्वी,
टेबलापलीकडे एक बहिरी बाई मासे चिरायची,
तिच्याकडून हिनं बोटांची अक्षरं उचलली होती.
फक्त अक्षरं. शब्दांच्या खुणा एकही नाही.
त्यातलीही काही विसरलेली, काही उलटी.

कुणी दहा मिनिटं बोललं
की थोर्डिस एकेक अक्षर जुळवून मला सांगायची:
बायको गेली. बरोबरच.
दुसऱ्याचं: अजून झोप नाही.
तिसऱ्याच्या वेळी बराच विचार करून: लांबण.

मग माझी पाळी.
तिला खुणा येत नाहीत, म्हणजे मलाही अक्षरंच.
ले, क, मग बोट थरथरलं.
तिनं तळहात वर केला: पुन्हा.
गल्ला या शब्दाला तीनदा पुन्हा.
ती अक्षरं मोठ्यानं म्हणत असावी,
कारण सहाही जण तिच्या तोंडाकडे बघत होते,
आणि शब्द पुरा झाला तेव्हा
मिशीवाला एक जण माझ्याकडे वळला.
कुणी घड्याळ पाहिलं नाही.
मी पाहिलं. अकरा मिनिटं, एका वाक्याला.

चार शनिवार झाले. पाचव्याचं आत्ताच बोलत नाही.
पुढच्या आठवड्यात क्लबात सामने, खोली बंद.
थोर्डिसनं पाकिटाच्या पाठीवर घरचा पत्ता लिहिला,
खाली एक ओळ:
कुत्रा फार भुंकतो, घाबरू नकोस.
वाचलं, खोडलं, आणि खो खो हसली.
मीही. या खेपेला वेळेवर.